टॉवेलच्या घडीपाशी अडलेलं यंत्र

मार्च 2016. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये 'गो' या खेळातला दिग्गज ली सेडॉल पटापुढे बसला होता. त्याचा प्रतिस्पर्धी होता 'अल्फागो' हा संगणकी प्रोग्राम. पण समोरच्या खुर्चीत बसला होता अल्फागो बनवणाऱ्या डीपमाइंड कंपनीतला एक हाडामांसाचा माणूस, आजा ह्वांग. शेजारच्या पडद्यावर खेळी उमटली की तो ती बघायचा, चिमटीत सोंगटी धरायचा आणि पटावर ठेवायचा. पाच दिवस त्याचं एवढंच काम. ली चार डाव हरला, एक जिंकला. जगभर बातमी झाली की यंत्राची बुद्धी माणसाच्या पुढे गेली. मला मात्र आजही आठवते ती ह्वांग यांची चिमूट.

सोंगटी उचलून ठेवणारा यांत्रिक हात तेव्हाही बनवता आला असता, यात शंका नाही. पण हे चित्र बोलकं आहे. डोकं यंत्राचं, हात माणसाचा!

रोबोटिक्सचे अभ्यासक हान्स मोरावेक यांनी 1988 मध्येच हे कोडं मांडलं होतं. बुद्धिबळ किंवा बुद्ध्यंक चाचणी यांत संगणकाला मोठ्या माणसाच्या बरोबरीला आणणं त्यामानानं सोपं, पण वर्षाच्या पोराला जे दिसतं, उमगतं आणि हातापायांनी करता येतं ते यंत्राला शिकवणं महाकठीण. कारण उत्क्रांतीत आहे. गणित माणसाच्या हाती आलं ते काही हजार वर्षांपूर्वी. बघणं, पकडणं, तोल सांभाळणं हे कोट्यवधी वर्षं घासूनपुसून तयार झालेलं आहे. इतकं मुरलेलं, की ते काम आहे असंही आपल्याला वाटत नाही.

टॉवेलचंच बघा. 2010 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एका रोबोटपुढे टॉवेलांचा ढीग टाकला. रोबोटनं ते टॉवेल आधी कधी पाहिलेले नव्हते. एक उचलायचा, लोंबकळत धरून फिरवायचा, फोटो काढत त्याचे कोपरे शोधायचे, मग टेबलावर पसरून घडी. पन्नासच्या पन्नास टॉवेलांच्या घड्या झाल्या, तेव्हाच्या मानानं ही मोठीच मजल होती. फक्त एका टॉवेलला सरासरी सुमारे 25 मिनिटं लागली. सोलापुरी टॉवेलांची चळत एखादी बाई गप्पा मारता मारता तेवढ्या वेळात संपवून चहाला आधण ठेवेल.

मग चाकणच्या कारखान्यात गाडीच्या सांगाड्याला झटझट वेल्डिंग करणारे यांत्रिक हात कसे जमवतात? तिथे प्रत्येक भाग दर वेळी ठरल्या जागी, ठरल्या कोनात येतो. कापडाला स्वतःचा आकारच नसतो. मुठीत धरलं की वेगळं, सोडलं की वेगळं.

शिवाय आपला हात ही काही साधी चीज नाही. तळहात आणि बोटांच्या कातडीत स्पर्श टिपणारे सुमारे 17 हजार मज्जातंतू असतात. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू तर बोटांत नसतातच. मूठ आवळा आणि दुसऱ्या हातानं कोपराखाली चाचपा, तिथे ते हलताना कळतील. स्वीडनमधले संशोधक रोलंड योहान्सन यांचा एक प्रयोग आहे. इंजेक्शननं बोटांची टोकं बधिर केली आणि काडी पेटवायला सांगितलं. स्नायू ठणठणीत, डोळे उघडे, तरी काडी हातातून निसटत राहिली. बहुतेक रोबोट आजही असल्या बधिर बोटांनीच काम करतात.

पायांचं कोडं बरंचसं सुटत आलं आहे. एप्रिल 2025 मध्ये बीजिंगमध्ये माणसांसोबत 21 दोन पायांचे रोबोट अर्धमॅरेथॉन धावले. सहा जणांनी ती पूर्ण केली, पहिल्यानं 2 तास 40 मिनिटांत. वाटेत बॅटऱ्या बदलाव्या लागल्या, काही तोंडावर आपटले, पण संगणकातल्या आभासी जमिनीवर लाखो वेळा पडून शिकलेली चाल खऱ्या रस्त्यावर टिकते, हे दिसलं. जमिनीचं गणित संगणकात उभं करता येतं. ओल्या कापडाचं, पिकल्या केळ्याचं, तव्यावर सोडायच्या भाकरीचं तितकं सहज नाही.

आणि इथेच खरी मेख आहे. भाषा शिकलेल्या यंत्रांना वाचायला आख्खं इंटरनेट होतं. हाताचं ज्ञान कुणी लिहून ठेवलंय? 'लागेल तसं पाणी घालून पीठ मळावं' यातल्या 'लागेल तसं'मध्येच सगळी विद्या! म्हणून आता हातांची माहिती गोळा करण्याची धडपड चालू आहे. 2023 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून 22 प्रकारच्या रोबोटांच्या दहा लाखांहून जास्त कृतींच्या नोंदी एकत्र केल्या. त्यानंतर वर्षभरात ड्रायरमधून कपडे काढून घड्या घालणारे रोबोट दिसू लागले. ते अडखळतात, पण घडी चुकली तर पुन्हा पसरून बघतात, हे नवं आहे.

घरकाम करणारा मानवाकृती गडी दोनचार वर्षांत दारात उभा राहील, यावर माझा विश्वास नाही. शंभरातली नव्व्याण्णव कामं बरोबर करणारं यंत्र प्रयोगशाळेत कौतुकाचं ठरतं, पण स्वयंपाकघरात ते रोज एखादी कपबशी फोडेल. 'वनएक्स' कंपनीनं 2025 मध्ये 'निओ' हा घरगुती रोबोट 20 हजार डॉलरला विक्रीस आणला. त्याला न जमणारं काम दूर बसलेला माणूस रोबोटच्याच डोळ्यांनी बघत करून देणार, अशी सोय आहे. म्हणजे आपल्या घरात डोकावणारा कुणीतरी माणूसच.

उपयोगाच्या यंत्राला माणसाचं रूप लागतंच असंही नाही. पुण्यात डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं बनवलेला 'दक्ष' बॉम्ब हाताळतो, तो चाकांवर चालतो. तिरुवनंतपुरमच्या तरुणांचा 'बँडिकूट' मॅनहोलमध्ये उतरतो, तो कोळ्यासारखा दिसतो. पण माणूस तिथे उतरत नाही, हे महत्त्वाचं.

मानवाकृती रोबोटांची शाळा मात्र आता आपल्याकडेही भरते आहे. तमिळनाडूतलं करूर हे टॉवेल-चादरींचं गाव. तिथे काही तरुण कपाळावर कॅमेरा बांधून टेबलापुढे उभे राहतात. पेटीतून टॉवेल काढायचा, झटकायचा, घडी घालायची, ठरल्या कोपऱ्यात ठेवायचा. त्यांच्या हातांचं हे चित्रण परदेशी कंपन्यांच्या रोबोटांना शिकवायला जातं. घडी वाकडी झाली किंवा टॉवेल चुकीच्या जागी ठेवला, की ते चित्रण बाद. मग टॉवेल उलगडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.