ऑगस्टमधली मिरज, सप्टेंबरमधली मिरज

2009 च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत जितके हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत, ख्रिस्ती राहत होते, जवळजवळ तितकेच सप्टेंबरमध्येही राहत होते. घरं तीच, गल्ल्या त्याच, मीरासाहेबांच्या दर्ग्यात माथा टेकणारी मंडळीही तीच. तरी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या एका चित्रावरून शहर पेटलं आणि संचारबंदी लागली. विधानसभेचं मतदान पुढच्याच महिन्यात, 13 ऑक्टोबरला होतं.

त्या दिवसांत एसटीत आणि चहाच्या गाड्यावर एकच निदान कानावर यायचं: मिश्र वस्ती आहे ना, मग होणारच. हे निदान लंगडं आहे. जी गोष्ट महिनाभरात बदललीच नाही, ती त्या महिन्यातल्या बदलाचं कारण कशी ठरेल? फार तर तिला सरपण म्हणा. काडी कुणी ओढली हा प्रश्न उरतोच. आणि ते सरपण तरी आहे का, हे गेली काही दशकं राज्यशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक चक्क आकडे मांडून तपासत आहेत.

आकडा काढायची रीत सोपी आहे. मनातल्या मनात वाळवा तालुक्यातलं शंभर माणसांचं एक गाव घ्या. पारावरून डोळे मिटून कुठलीही दोन माणसं उचलायची आणि विचारायचं, ही दोघं वेगवेगळ्या गटातली निघण्याची शक्यता किती? समजा गावात एका धर्माचे 80, दुसऱ्याचे 15, तिसऱ्याचे 5 लोक आहेत. प्रत्येक हिश्शाचा वर्ग करायचा: 0.64, 0.0225 आणि 0.0025. बेरीज 0.665. ती एकातून वजा केली की 0.335 उरतात. म्हणजे तीनातून साधारण एकदा जोडी वेगळ्या धर्मांची निघेल. हा झाला गावाच्या विविधतेचा आकडा. शून्य म्हणजे सगळे एका साच्यातले, आणि एकाच्या जवळ म्हणजे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

आता त्याच गावाला धर्माऐवजी जात विचारा. समजा 30, 25, 20, 15 आणि 10 असे पाच गट निघाले. आकडा एकदम 0.775. बाजारात कुठली भाषा बोलता असं विचारलं, तर सगळे मराठीच बोलतात, आकडा शून्य. माणसं तीच आहेत, पार तोच आहे, फक्त वहीतला रकाना बदलला.

आणि वही बहुतेक वेळा सरकारची असते.

जगभरच्या देशांसाठी हा आकडा ज्या माहितीवरून पहिल्यांदा काढला गेला, ती 1964 साली सोव्हिएत संघात छापलेल्या एका मोठ्या नकाशासंग्रहातली होती. मॉस्कोतल्या अभ्यासकांनी कुणाला वेगळा लोकसमूह मानलं यावर पुढची कित्येक वर्षं अनेक देशांची 'विविधता' ठरत राहिली. 1997 मध्ये विल्यम ईस्टर्ली आणि रॉस लेव्हिन यांनी हाच आकडा वापरून आफ्रिकेच्या मंद वाढीचा संबंध तिथल्या बहुविधतेशी जोडला. निबंध गाजला, आणि लगेच शंकाही आल्या. त्यातली मुख्य शंका आपल्याला घरबसल्या कळण्यासारखी आहे: ज्या रकान्यांवर हिशोब मांडला, ते रकाने लोकांच्या मनात होते की कारकुनाच्या?

आपल्याकडचा दाखला घ्या. 1911 च्या जनगणनेत मुंबई इलाख्यातल्या काही समाजांच्या चालीरीती इतक्या मिसळलेल्या होत्या, की इथल्या अधिकाऱ्याने त्यांच्यासाठी हिंदू-मुसलमान असं जोडनाव वापरलं. वरच्यांना ते पटलं नाही. माणूस एका धर्माचा किंवा दुसऱ्या धर्माचा, अधलंमधलं चालणार नाही. खेड्यात मात्र अधलंमधलंच चालू होतं.

रकाना कधीकधी बेडी होतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाचा गुन्हा त्याच्या जन्मालाच चिकटवला. शेजारच्या सोलापुरात पारधी, कैकाडी, टकारी अशांना कुंपणात ठेवून हजेरी घेतली जाई. तिथल्या पत्त्यांत 'सेटलमेंट' हा शब्द आजही आहे. कायदा 1952 मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की नजर आधी कुठल्या पालांकडे वळते हे वेगळं सांगायला नको. रवांडात बेल्जियन अंमलाने 1930 च्या दशकात ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते छापलं. 1994 च्या कत्तलीत रस्त्यांवरच्या नाक्यांवर तीच नोंद बघून माणसं मारली गेली.

याचा अर्थ इंग्रज येण्याआधी जाती नव्हत्या किंवा भांडणं नव्हती, असं कुणी सांगू लागलं तर ऐकून सोडून द्यावं. 1830 च्या आसपास वेदोक्त विधींचा अधिकार कुणाला, यावरून साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज एका बाजूला आणि सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन दुसऱ्या बाजूला उभे होते. कोण क्षत्रिय, हा प्रश्न तेव्हाही दरबाराच्या उंबऱ्याशी येऊन थांबत होता. जनगणनेनं एवढंच केलं, की लवचीक होतं ते शाईनं लिहून ठेवलं. 1885 साली छापलेलं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर एरवी संशोधकांखेरीज कुणी उघडलं नसतं. 2025 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने 'सातारा गॅझेट' हा शब्द चावडीवर आणला. एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या नोंदीवरून आज कुणाला कुणबी दाखला मिळावा हा वाद चालतो, यापेक्षा रकान्याच्या ताकदीचा वेगळा पुरावा काय द्यायचा? 1931 नंतर देशात सगळ्या जातींची मोजणी होऊन ती छापली गेली नव्हती; 2027 च्या जनगणनेत जात पुन्हा विचारली जाणार आहे.

रकाना असला म्हणजे वैर असतंच असं नाही. याची सर्वांत देखणी तपासणी डॅनियल पोझ्नर या अभ्यासकाने 2004 मध्ये मांडली. आफ्रिकेत झांबिया आणि मलावी यांच्यामधली सीमा वसाहतवाल्यांनी आपल्या सोयीनं आखली. तिच्या दोन्ही बाजूंना चेवा आणि तुंबुका हे दोन समाज राहतात. बोली त्याच, चालीरीती त्याच. पोझ्नरने सीमेला लागून असलेल्या गावांत जाऊन विचारलं: त्या समाजाचा उमेदवार राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तर मत द्याल का? त्यांच्यात सोयरीक कराल का? मलावीत दोघं एकमेकांना विरोधक मानत होते. झांबियात, काही मैलांवर, ते एकमेकांना भाऊबंद मानत होते. फरक संस्कृतीत नव्हता, संख्येच्या राजकारणात होता. मलावीत दोन्ही समाज इतके मोठे, की त्यांच्या मतांवर सत्ता मिळवता येते. म्हणून पुढारी त्यांना एकमेकांसमोर उभे करतात. झांबियाच्या पसाऱ्यात दोघंही लहान, म्हणून पूर्वेकडचे सगळे एक या नावाखाली त्यांची मोट बांधली जाते.

हे वाचताना मला आमच्याकडचा, कर्नाटकच्या सीमेवरचा जत तालुका आठवला. जतच्या पूर्व भागात घराघरांत कन्नड आहे, कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांच्या जुन्या ठरावाचा हवाला देऊन त्या भागावर हक्क सांगितला. दोन्ही राज्यांत भाषेच्या अस्मितेचा धुरळा उडाला. ठरावामागची तक्रार मात्र पाण्याची होती. म्हैसाळ योजनेचं पाणी त्या गावांपर्यंत पोचलं नव्हतं आणि सीमेपलीकडं तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी दिसत होतं. कन्नड तर पिढ्यान्‌पिढ्या बोलली जात होती. तिनं कुणाला राज्य बदलायला लावलं नव्हतं.

सबंध जगाचा हिशोबही याच दिशेनं जातो. जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन यांनी 1945 ते 1999 या काळात सुरू झालेली 127 यादवी युद्धं तपासली. उत्पन्नाचा फरक वजा केल्यावर, धर्म किंवा वंशांची सरमिसळ जास्त असलेले देश युद्धात जास्त ओढले गेले, असं काही दिसलं नाही. गरिबी आणि दुबळं सरकार यांचा हात त्यात ठळक दिसला. पुढे 2009 मध्ये आंद्रेआस विमर आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच फिरवला. किती गट आहेत हे सोडा, सत्तेच्या माडीवर कोण बसलंय आणि जोत्यावर कुणाला थांबवलंय ते मोजा. 155 देशांतल्या 733 गटांची अशी नोंद केल्यावर चित्र लख्ख झालं: लोकसंख्येचा जितका मोठा भाग सत्तेबाहेर ठेवलेला, तितकी सशस्त्र बंडाची शक्यता जास्त.

दंगलीचं गणित यादवीपेक्षा वेगळं, पण त्यातही सरकार आहेच. स्टीव्हन विल्किन्सन यांनी भारतातल्या दंगली आणि निवडणुका शेजारी ठेवून दाखवलं, की राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असते तिथे पोलीस दंगल चटकन आटोक्यात आणतात. पोलीस तेच, लाठ्या त्याच, आदेश वेगळा. आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकत अशा शहरांच्या जोड्या लावल्या. दोन्हींत हिंदू-मुसलमानांचं प्रमाण सारखंच, पण कालिकतमध्ये व्यापारी मंडळं आणि कामगार संघटना दोघांना रोज एका टेबलाशी बसवतात, म्हणून अफवा वेळेत मरते. आपल्याकडे ते टेबल साखर कारखान्याचं, दूध संघाचं, पतसंस्थेचं असू शकतं. मात्र सभासद सगळे आणि संचालक ठरावीक असा प्रकार असेल, तर विमर यांचा तक्ता पुन्हा काढावा लागेल.

मिरजेत असं एक जुनं टेबल आहे. पूर्वी शस्त्रांचं काम करणाऱ्या मुसलमान शिकलगारांना राजेरजवाड्यांच्या लढाया संपल्यावर तेवढं काम उरलं नाही. त्यांतले काही हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, वाद्यं जातात देशभरच्या गवयांकडे, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे कसब सहज हिसकावता येत नाही आणि नकलताही येत नाही. 2009 मध्ये याच शहरात दंगल झाली, हे विसरून त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

त्याच जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत 1980 पासून गणपती मशिदीत बसतो. कडेगावच्या मोहरमात उंचच उंच ताबूत निघतात आणि त्यांतले काही हिंदूंचे असतात. तिथे मानाचा ताबूत आधी उचलतात, मग भेटी होतात. खांदा कुणाचा, पहिला मान कुणाचा, हे पिढ्यांपूर्वी ठरलंय, आणि त्यात प्रत्येक आळीला काही ना काही मान आलेला आहे.