वेकमुळे होणारं बाउंडरी लेयरचं ट्रान्झिशन

टर्बाइनमधे किंवा त्याच्या आधी हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधे आधीच्या रांगेतल्या प्रत्येक पात्यामागे घुसळलेल्या, मंदावलेल्या हवेचा एक पट्टा राहतो, त्याला वेक म्हणतात. हे पट्टे वाहत वाहत मागच्या रांगेतल्या पात्यांवरून जातात, आणि तेव्हा त्या पात्याला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर, म्हणजे बाउंडरी लेयर, पुस्तकात सीमास्तर, तो शांत म्हणजे लॅमिनार असला तर उधळतो, टर्ब्युलंट होतो, वेक पुढे गेला की परत शांत होतो, पुढचा वेक आला की परत उधळतो. याला वेक-इंड्यूस्ड ट्रान्झिशन म्हणतात.

दाभोळ-धोपावे फेरीबोट सुकतीच्या वेळी बघितली असेल तर हे पटकन कळेल. पाणी समुद्राकडे धावत असतं आणि बोट खाडी आडवी कापत जाते, तिच्यामागे फेसाळ पट्टा राहतो, बोट पलीकडे धक्क्याला लागली तरी तो पट्टा पाण्याबरोबर मुखाकडे सरकत राहतो आणि खाली नांगरलेल्या होड्यांपर्यंत एकेक करून पोचतो. फेरीबोट म्हणजे फिरणाऱ्या रोटरचं पातं आणि नांगरलेली होडी म्हणजे मागच्या स्टेटरचं, म्हणजे न फिरणाऱ्या रांगेतलं. फक्त खाडीत अशी फेरी अधूनमधून होते, मशीनमधे मात्र मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०, आणि रांगेत समजा ६० पाती असली तर मागच्या प्रत्येक पात्यावर सेकंदाला ३००० वेक येऊन आदळतात. त्याच खाडीच्या मुखाशी अंजनवेलचा गॅसवरचा वीजप्रकल्प आहे, तिथे काय किंवा उरणला काय, गॅस टर्बाइन चालू असला की आत हे अखंड चालू असतं.

आता उधळतो म्हणजे नक्की काय होतं. १९५१ मधे एमन्स या संशोधकांनी उथळ पाण्याच्या वाहत्या थरात बघितलं की खळबळ सगळीकडे एकदम होत नाही, आधी छोटे छोटे ठिपके उठतात, ते वाहत जाताना पसरतात आणि एकमेकांत मिसळतात. यांना टर्ब्युलंट स्पॉट म्हणतात. वेकमधल्या खळबळीमुळे असे ठिपके पात्यावर एका ओळीत आणि नेमक्या वेळी उठतात. ठिपक्याचं पुढचं टोक बाहेरच्या प्रवाहाच्या साधारण ०.८८ पट वेगाने जातं, शेपूट ०.५ पट वेगाने, म्हणून तो लांबत जातो. आणि शेपटीच्या मागे एक शांत पट्टा असतो, काम्ड रीजन, त्याचं मागचं टोक ०.३ पट वेगाने रेंगाळत येतं. या पट्ट्यात थर लॅमिनारच असतो पण पृष्ठभागालगत भरीव वेगाने वाहतो, त्यामुळे तिथे नवीन ठिपका सहज उठत नाही आणि हवा पात्यापासून सहज सुटतही नाही.

हिशोब करून बघा. बाहेरच्या प्रवाहाचा वेग सगळीकडे १०० मीटर प्रति सेकंद धरला तर ठिपका जिथे उठला तिथून १ सेंटीमीटर पुढे त्याचं टोक ०.११ मिलिसेकंदाने पोचतं, शेपूट ०.२० ने, शांत पट्टा संपतो ०.३३ ने. म्हणजे ०.०९ मिलिसेकंद खळबळ आणि ०.१३ मिलिसेकंद शांत पट्टा, खळबळीपेक्षा जास्त वेळ! वर सांगितलेल्या ३००० च्या हिशोबाने दर ०.३३ मिलिसेकंदाला नवा वेक येतो, त्यामुळे १ सेंटीमीटरवर मधे थोडा साधा लॅमिनार वेळही उरतो, पण जवळपास ४ सेंटीमीटरवर मागच्या ठिपक्याचं टोक पुढच्या ठिपक्याच्या शेपटीला भिडतं आणि तिथून पुढे सगळं टर्ब्युलंट.

वेक म्हणजे नुसता लॉस, म्हणजे ऊर्जेचं नुकसान, असं बरेच जण धरून चालतात, ते मला बिलकुल पटत नाही. विमानाच्या इंजिनातला लो-प्रेशर टर्बाइन, म्हणजे मागचा, कमी दाबाचा टर्बाइन घ्या. उंचावर हवा विरळ, म्हणून रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचा जोर हवेच्या चिकटपणापुढे किती भारी आहे ते सांगणारा आकडा) कमी, पात्याच्या फुगीर बाजूवर मागच्या भागात लॅमिनार थर पृष्ठभाग सोडून देतो आणि तिथे मोठा लॉस होतो. वेक येत राहिले तर आधी खळबळ आणि मग शांत पट्टा, दोन्ही मिळून थराला धरून ठेवतात. याच भरवशावर १९९० च्या दशकात हाय-लिफ्ट पाती आली, एकेका पात्यावर जास्त भार टाकून पात्यांची संख्या साधारण २० टक्क्यांनी कमी करता आली, आणि त्यामुळे वजन वाचलं.

जमिनीवरच्या मोठ्या गॅस टर्बाइनमधे रेनॉल्ड्स नंबर जास्त असतो म्हणून हा फायदा तेवढा दिसत नाही. कोकणात आणखी एक गोष्ट आड येते, खारी हवा. किनाऱ्याजवळच्या घरात खिडकीच्या गजांवरून बोट फिरवलं की जो चरचरीत थर लागतो तोच, फिल्टरमधून जेवढा निसटेल तेवढा, कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसतो. पातं खरखरीत झालं की हवेचा थर वेकची वाट न बघता पुढच्या कडेजवळच उधळतो. म्हणून मशीन थंड करून, रोटर हळू फिरवत, साबणपाण्याचा फवारा मारून कॉम्प्रेसर धुतात. मीठ धुऊन जातं, पण गंजाने पडलेले बारीक खड्डे राहतात, आणि ते पुढच्या कडेला असले तर मागे वेकने बदलायला शांत थर उरलेलाच नसतो.