टाकीतला पहिला पाऊस: पाणी बदलून मासे अंड्यावर कसे आणायचे

आमच्याकडून कॉरी (टाकीच्या तळाशी राहणारे छोटे मासे) नेणारे ग्राहक हमखास विचारतात, मासे धडधाकट आहेत, वर्ष झालं, मग अंडी का घालत नाहीत? बहुतेकदा त्यांना पावसाची चाहूलच लागलेली नसते.

मृगाच्या पावसाने नाल्यांना नवं पाणी आलं की चढणीचे मासे उथळ जागी अंडी घालायला निघतात. रोहू-कटला तर साचलेल्या तलावात अंडी सोडतच नाहीत, त्यांना पुराचं पाणी लागतं. १९५७ साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूजवळच्या पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन ही अडचण सोडवली. घरच्या टाकीला इंजेक्शन नको, बादली पुरते.

पावसाचं पाणी थंड असतं, त्यात क्षार कमी आणि प्राणवायू जास्त. टाकीत नेमकं उलटं होतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो तसे. नुसतं वरून पाणी टाकत राहिलात तर माशांचा उन्हाळा लांबतच जातो.

कॉरीसाठी आमची पद्धत अशी. एका मादीमागे दोन नर ठेवा. दोन आठवडे ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) असं सकस खाणं द्या. मादीचं पोट भरलेलं नसेल तर पाणी कितीही बदला, उपयोग नाही. मग एका संध्याकाळी निम्मं पाणी काढा आणि टाकीपेक्षा ३-४ अंश थंड पाणी हळूहळू सोडा. हवेचा पंप वाढवा. जमलं तर सकाळी बघण्यासारखं असतं: मादी पोटाखालच्या परांची ओंजळ करून त्यात दोन-चार अंडी धरते, काचेवर जागा शोधते, तोंडाने ती साफ करते आणि अंडी चिकटवते. जमलं नाही तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा.

महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत मात्र हा प्रयोग एकदम करू नका. त्या पाण्याचा पीएच खाली गेलेला असतो, म्हणजे पाणी आम्ल झालेलं असतं, अचानक निम्मं पाणी बदललं तर मासे दगावतात. आधी रोज थोडं, दहा टक्क्यांच्या आसपास, बदलत या.

आता आपल्या नागपूरचं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. तेव्हा अंड्यांचा नाद सोडा, मासे जगवा. जुलै ते सप्टेंबर हा उत्तम काळ. नळाचं पाणी पेंच-कन्हानचं, क्लोरीन घातलेलं, म्हणून अँटीक्लोरीनशिवाय टाकीत घालू नका. बोअरचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असेल तर गोल्डफिश, मॉलीला चालतं, पण निऑन टेट्रा किंवा डिस्कसची अंडी त्यात सहसा फळत नाहीत. त्यांच्यासाठी आरओचं पाणी मिसळा. नुसतं आरओ नको, त्यात क्षार जवळपास नसतातच.

एंजल माशाला ताजं पाणी हवं, पण थंड नको. २८ अंशांच्या आसपासच ठेवा आणि अंडी चिकटवायला पाटीचा एक तुकडा उभा टेकवून ठेवा. पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवलीत तर जोडी आपोआप जमते. गप्पी, मॉली, प्लॅटी थेट पिल्लं देतात, त्यांच्यासाठी ही खटपट नको.

कॉरी स्वतःचीच अंडी खातात. काही तासांनी अंडी घट्ट झाली की बोटाने हळूच सोडवून वेगळ्या डब्यात ठेवा, हवा चालू ठेवा, पाणी फिकट निळं होईल इतकंच मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचं औषध घाला. पांढरी पडलेली अंडी रोज काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांना लागते. तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पहिले एक-दोन दिवस त्यांना खायला घालू नका, पोटाला असलेली बलकाची पिशवी पुरते. नंतर ताजा फुटलेला आर्टेमिया द्या.

पाण्याबद्दल शंका असेल तर स्वच्छ बाटलीत टाकीचं आणि नळाचं पाणी वेगवेगळं घेऊन दुकानात या. टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि पीएच तपासून किती पाणी बदलायचं ते सांगू.