शुगर एकशे सव्वीस की सात?

मुलाकडे लंडनला किंवा मेलबर्नला गेलेल्या आईवडिलांना तिथल्या दवाखान्यात उपाशीपोटी शुगर ‘सात’ सांगतात, तेव्हा ते गोंधळतात. पुण्यातल्या रिपोर्टवर सात आले असते, तर माणूस बेशुद्धच सापडला असता! खरे तर हे सात म्हणजे आपले १२६.

आपल्याकडे साखरेचे वजन करतात, तिकडे रेणू मोजतात. फोलिन आणि वू या जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९१९-२०च्या सुमारास रक्तातली साखर मोजण्याची सुटसुटीत पद्धत दिली. तेव्हापासून कित्येक दशके प्रश्न एकच असे : शंभर मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर? जुने डॉक्टर अजूनही ‘मिलिग्रॅम टक्के’ म्हणतात, ते यामुळेच. रिपोर्टवर आता मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर लिहितात, अर्थ तोच.

रसायनशास्त्रज्ञांना हे पटत नव्हते. शरीरातल्या क्रिया वजनाने नव्हे, रेणूमागे रेणू अशा चालतात. १९७१ मध्ये ‘मोल’ला, म्हणजे रेणूंची संख्या मोजण्याच्या एककाला, आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत मूळ एककाचे स्थान मिळाले आणि १९७७ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ही पद्धत वैद्यकातही वापरण्याची शिफारस केली. ब्रिटनने त्याआधीच, १९७५ च्या सुमारास, मिलिमोल (मोलचा हजारावा भाग) प्रति लिटर स्वीकारले होते. ऑस्ट्रेलिया, कॅनडाही त्याच वाटेने गेले. अमेरिकेत १९८०च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांनी जोर लावला, पण डॉक्टरांच्या सवयीपुढे तो टिकला नाही. भारत आणि जपानही मिलिग्रॅमवरच राहिले. गंमत अशी की रस्त्यावर अजून मैल मोजणारा ब्रिटन इथे नव्या एककाकडे गेला, आणि १९५८ पासून शेर-मण सोडून किलोकडे वळलेला भारत जुन्यावर थांबला.

दोन्ही आकड्यांतला दुवा १८चा. ग्लुकोजचा रेणूभार सुमारे १८०. म्हणजे लिटरमध्ये एक मिलिमोल ग्लुकोज असेल तर ते १८० मिलिग्रॅम, डेसिलिटरमध्ये १८. म्हणून ७ गुणिले १८ बरोबर १२६, आणि ११.१ म्हणजे २००. अतिदक्षता विभागात रक्ताची ऑस्मोलॅलिटी (त्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण) काढताना आपले डॉक्टरही शुगरला १८ने भागतातच. तिथे रेणू मोजल्यावाचून गत्यंतर नसते. मात्र हा १८ फक्त ग्लुकोजचा. कोलेस्टेरॉलला भागायचे ते सुमारे ३८.७ने.

गोंधळ खरा घातक ठरू शकतो तो घरच्या मीटरवर. काही जुन्या मीटरांत एकक बदलायची सोय असे. मीटर हातातून पडला किंवा तारीख लावताना चुकीचे बटण दाबले गेले की एकक नकळत बदलू शके, आणि अशा मीटरांबद्दल २००५ मध्ये ग्राहकांना सावध करावे लागले. १३.० हा आकडा घाईत १३० वाचला, तर २३४ची शुगर ठीकठाक वाटते. आता बहुतेक मीटरांत एकक कारखान्यातच पक्के केलेले असते. त्यामुळे लंडनहून भाचीने आणलेला मीटर नाशिकमध्येही ५.८च दाखवणार, १८ने गुणायचे ते आपणच.