खान्देशचा कौल: फैजपूर ते मालेगाव

लोकसभेचा निकाल लागला की खान्देशला कुणाचा तरी बालेकिल्ला ठरवून टाकण्याची घाई होते. आधी काँग्रेसचा म्हणायचे, मग भाजपचा म्हणू लागले. हा शब्द मला कधीच पटला नाही.

डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन पूर्व खान्देशातल्या फैजपूरला भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पुढे अनेक वर्षं गावागावांत काँग्रेसचाच शब्द चालायचा. पण 1957 ला जनसंघाचे, म्हणजे भाजपच्या पूर्वसुरी पक्षाचे, देशभरात जे अवघे चार खासदार निवडून आले, त्यांतले एक, उत्तमराव पाटील, धुळ्याचे होते. म्हणजे विरोधाचं मत इथे पहिल्यापासून होतं. 1977 ला जळगाव काँग्रेसच्या हातून गेलं. 1991 पासून तिथे भाजप रुजला. 1998 ला उल्हास पाटील काँग्रेसकडून जिंकले, पण पुढच्याच वर्षी जागा परत भाजपकडे गेली. डिसेंबर 2005 मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात जळगाव आणि एरंडोल, दोन्हीकडचे भाजप खासदार लोकसभेतून बडतर्फ झाले. त्या बातमीने इथल्या माणसाची मान खाली गेली. 2007 च्या पोटनिवडणुकीत जळगाव भाजपने राखलं, एरंडोल राष्ट्रवादीने घेतलं.

नंदुरबारची गोष्ट वेगळी. सातपुड्यातल्या पाड्यांवर पक्षापेक्षा पंजा आणि ओळखीचा माणूस मोठा. माणिकराव गावित तिथून सलग नऊ वेळा खासदार झाले. 2014 ला त्यांना हरवलं ते डॉ. हिना गावित यांनी, भाजपच्या चिन्हावर. वडील विजयकुमार गावित त्याआधी राष्ट्रवादीचे मंत्री होते. मोदींची लाट होतीच, पण जिल्ह्यातलं एक मोठं घराणं कूस बदलून गेलं, हेही तितकंच खरं. 2014 आणि 2019, दोन्ही वेळा खान्देशच्या चारही जागा भाजपच्या.

मधल्या काळात नकाशा बदलला होता, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी उलथापालथ तीच. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत एरंडोल गेलं, रावेर आलं. साक्री आणि शिरपूर नंदुरबारला जोडले गेले. धुळे आदिवासी राखीव राहिलं नाही आणि त्यात नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण आले. मालेगाव मध्यच्या मुस्लिमबहुल, यंत्रमागवाल्या वस्तीची मतं जोवर विभागत होती, तोवर भाजपला अडचण नव्हती. 2009 ला तर मालेगावचे जुने समाजवादी नेते निहाल अहमद स्वतःच रिंगणात होते. 2024 ला एमआयएमने उमेदवार दिला नाही, वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला. भाजपचे डॉ. सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे राहिले आणि एकट्या मालेगाव मध्यने ती सगळी आघाडी पुसली. काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव 3,831 मतांनी जिंकल्या. कांदा निर्यातबंदीचा रागही त्या मतदानात होता. कसमादेच्या, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यातल्या, शेतकऱ्याने तो लपवला नव्हता.

नंदुरबारला त्याच वेळी काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. संविधान आणि आरक्षणाची काळजी पाड्यापाड्यांत बोलली जात होती. शिवाय गावित घराण्यावर महायुतीतलेच नेते नाराज होते. जळगावला विद्यमान खासदार उन्मेष पाटील तिकीट कापल्यावर ठाकरेंच्या शिवसेनेत गेले, तरी स्मिता वाघ सहज जिंकल्या. रावेरला रक्षा खडसे तिसऱ्यांदा निवडून आल्या, जरी सासरे एकनाथ खडसे 2020 मध्येच भाजप सोडून गेले होते. हिशेब दोन-दोन.

सहा महिन्यांनी विधानसभा आली. अक्कलकुव्यात गोवाल यांचे वडील के. सी. पाडवी शिंदेंच्या शिवसेनेच्या आमश्या पाडवींकडून पडले. तिथेच हिना गावित भाजप सोडून अपक्ष लढल्या आणि त्याही पडल्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या 20 जागांपैकी 19 महायुतीने नेल्या. काँग्रेसला राहिलं एकटं नवापूर: शिरीष नाईक, नंदुरबारचे जुने खासदार सुरूपसिंग नाईक यांचे चिरंजीव.