धूर दिसला की बॉनेट उघडायचं?

खंबाटकी घाट चढताना बॉनेटमधून धूर निघाला की बघे ओरडतात, "बॉनेट उघडा, पाणी मारा!" सातारकरांनो, दोन्ही चूक. बॉनेट सताड उघडलं की आगीला हवा मिळते आणि भडका थेट तोंडावर येतो. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणजे आग आणखी पसरणार. आधी इंजिन बंद, माणसं लांब, 112 ला फोन. आग लहान असेल तरच आतला खटका ओढून बॉनेटच्या फटीतून आग विझवायच्या सिलिंडरची (फायर एक्स्टिंग्विशरची) पावडर मारा. ज्वाळा मोठ्या असतील तर गाडीचा मोह सोडा. हे 1 किलोचं सिलिंडर जेमतेम 8-10 सेकंद चालतं, नेम आगीच्या बुडाशी हवा. आणि ते डिकीत, बॅगांखाली कशाला? ड्रायव्हरच्या हाताशी घट्ट बसवा, त्यावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का तेही अधूनमधून बघा.