सीबी संचाचे हॅम रूपांतर

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सर्वसामान्यांच्या बोलण्यासाठीचा रेडिओ पट्टा. या पट्ट्यातला, २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा बोलण्या-ऐकण्याचा जुना संच हौशी रेडिओच्या १० मीटर पट्ट्यात, म्हणजे २८ ते २९.७ मेगाहर्ट्झमध्ये नेऊन बसवणे याला हॅम, म्हणजे हौशी रेडिओची मंडळी, नुसते 'कन्व्हर्जन' म्हणतात. वारंवारता ठरवणारा एक क्रिस्टल बदलला की काम झाले, असा नवख्याचा समज असतो. क्रिस्टल बदलायला अर्धा तास पुरतो. पुढचा आठवडा ट्यूनिंगमध्ये जातो.

११ मीटरचा, म्हणजे हाच २७ मेगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेत आधी हौशींकडेच होता. १९५८ साली तो काढून सीबीला दिला गेला. सुरुवातीच्या २३ वाहिन्यांच्या १९७७ पासून ४० झाल्या : २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ. ब्रिटनने २ नोव्हेंबर १९८१ पासून स्वतःची वेगळी एफएम सीबी सुरू केली. पुढे ही लाट ओसरली, संच माळ्यावर गेले आणि तिकडच्या हौशींनी ते स्वस्तात उचलून १० मीटरवर चढवले. ज्यांचा पट्टा गेला त्यांच्याच हाती अखेर संच आले.

आपल्याकडे ट्रकवाल्यांची सीबी कधी रुजली नाही. निपाणीपासून कित्तूरपर्यंत पुणे-बेंगळुरू महामार्गावर आजही हॉर्न आणि दिव्यांचीच भाषा चालते. त्यामुळे बेळगाव, खानापूर, चिकोडी भागात असा संच हाती लागलाच तर तो परदेशातून कुणी सामानात आणलेला किंवा गुजरीत सापडलेला. भंगारवाला त्याला कारटेप समजून तोलतो, आणि घेणाऱ्याने त्याचा समज दुरुस्त करायची घाई करू नये.

कायद्याची बाजू मात्र आधी पाहावी लागते. भारतात २००५ च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात, ५ वॅटपर्यंत आणि संचातच बसवलेल्या एरियलवर परवान्याशिवाय बोलता येते. अमेरिकी संचाच्या पहिल्या २७ वाहिन्या या मर्यादेत बसतात, २८ वी २७.२८५ वर असल्याने बाहेर पडते. शिवाय गाडीतल्या संचाला एरियल बाहेरून जोडावे लागते, म्हणजे हा संच आहे तसा वापरायचा रस्ता बंदच. १० मीटरवर बोलायला केंद्रीय दळणवळण मंत्रालयाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेसचे परवाने देणाऱ्या) विभागाची परीक्षा देऊन हौशी परवाना आणि व्हीयू अक्षरांनी सुरू होणारे कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचे ओळखनाव, घ्यावे लागते. आधी परवाना, मग संच. रूपांतर झालेला संच पुन्हा २७ वर वापरायचा नाही, हेही त्यातच आले.

४० वाहिन्यांच्या बहुतेक संचांत पीएलएल, म्हणजे क्रिस्टलच्या आधारे वाहिन्यांच्या वारंवारता घडवणारी रचना, असते. १०.२४० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १०२४ ने भागून १० किलोहर्ट्झचा एक ठोका तयार होतो आणि वाहिनीचे बटण फिरले की त्या ठोक्याच्या किती पट वारंवारता हवी तो आकडा बदलतो. पीएलएल०२ए सारख्या चिपमध्ये हा आकडा तिच्या पायांवरच्या व्होल्टेजने ठरतो. पाय बटणापासून सोडवून वेगळे जोडले की संच वर सरकतो, पण व्हीसीओची (व्होल्टेजने वारंवारता बदलणाऱ्या दोलकाची) कॉइल तेवढी वर जुळवली पाहिजे. काही चिपमध्ये वाहिन्यांचा तक्ता आतच कोरलेला असतो. तिथे ही युक्ती चालत नाही. वारंवारतांच्या मिश्रणासाठी असलेला दुसरा क्रिस्टल बदलावा लागतो. मंडलात (सर्किटमध्ये) तो तिपटीने वापरलेला असेल तर १.५ मेगाहर्ट्झ वर जायला क्रिस्टल ५०० किलोहर्ट्झने मोठा हवा. असा क्रिस्टल दुकानात तयार मिळत नाही, कापून घ्यावा लागतो, आणि पुष्कळ रूपांतरे इथेच अडून राहतात.

१.५ मेगाहर्ट्झ सरकवल्यावर पहिली वाहिनी २८.४६५ वर येते आणि चाळिसावी २८.९०५ वर. सीबीच्या खोडीही बरोबर येतात. तिसऱ्या आणि चौथ्या वाहिनीत १० ऐवजी २० किलोहर्ट्झची उडी आहे. २२ नंतर आधी २४ आणि २५ येतात, मग २३. संच एसएसबीचा (एकच बाजूपट्टा पाठवणारा) असेल तर ही जागा सोयीची. नुसत्या एएमच्या संचाला २९ मेगाहर्ट्झच्या आसपास न्यावे, कारण एएमवाले तिथे भेटतात.

खरी मेहनत यापुढे. वारंवारता वर गेली तरी प्रेषक (ट्रान्समीटर) आणि ग्राहक (रिसीव्हर) यांच्या सगळ्या कॉइली अजून २७ वरच बसलेल्या असतात. ४ वॅटच्या संचातून मग अर्धा वॅटही निघत नाही, आणि लोक म्हणतात फायनल (शेवटचा, पॉवर देणारा) ट्रान्झिस्टर गेला. २७.२ वरून २८.७ वर जायचे तर कॉइल आणि कपॅसिटर यांचा गुणाकार सुमारे १० टक्क्यांनी कमी व्हावा लागतो. कॉइलमधला फेराइटचा गाभा बाहेर काढत नेला की बहुधा जमते. गाभा पार वर आला तरी पॉवर वाढतच असेल, तर शेजारचा ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर काढून ३९ चा लावावा. एरियलच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (पॉवर पचवणारा रोध) जोडून, माइकचे बटण पाच-दहा सेकंदच दाबून, एकेक गाभा पाव फेऱ्याने फिरवायचा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर यासाठी वापरू नये : त्याचे टोक आत असताना मीटर एक दाखवतो, बाहेर काढले की दुसरेच. शिवाय जुना गाभा मेणाने घट्ट बसलेला असतो. प्रस्तुत नोंदकाराने पहिल्याच संचाचा एक गाभा जोर लावून उभा चिरला आणि ती कॉइल दुसऱ्या मेलेल्या संचातून काढून आणावी लागली. नंतर बांबूची काडी तासून केलेले हत्यार सर्वांत भरवशाचे ठरले.

एरियलचे गणित सोपे. २७.२ मेगाहर्ट्झच्या डायपोलची (दोन हातांच्या तारेच्या एरियलची) लांबी सुमारे ५.२६ मीटर, २८.५ ला ५.०२, म्हणजे प्रत्येक हातातून १२ सेंटिमीटर तार कापायची. कौलारू घराच्या पुढे-मागे दोन कळक उभे केले की डायपोल टांगता येतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात केबलचे तोंड नीट बंद केले नसेल तर पाणी आत झिरपते आणि श्रावण येईपर्यंत एसडब्ल्यूआर (एरियलकडून किती पॉवर परत येते त्याचे माप) बिघडलेला असतो. संचाला १३.८ व्होल्ट लागतात. वीज गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही तो चालतो, आणि इकडे वीज जातेच.

४ वॅटमध्ये किती लांब बोलता येईल, हे संचापेक्षा आभाळावर जास्त ठरते. यळ्ळूरच्या राजहंसगडासारख्या उंचवट्यावरून भोवतालच्या पठारावर आवाज सरळ जातो, पण घाटाच्या धारेआड बसलेल्या गावाशी बोलणे कठीण. सौरडागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र भरात असले की दिवसा हाच संच दुसऱ्या खंडात ऐकू जातो. चक्र उतरले की पट्टा महिनोन्महिने मुका. उन्हाळ्यात मात्र आयनांबराच्या (उंचावरच्या विद्युतभारित हवेच्या) ई थरात अचानक दाट ढग तयार होतात आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरचे स्टेशन तासभर शेजारी असल्यासारखे येते. पट्टा उघडला आहे का, हे पाहायला २८.२०० मेगाहर्ट्झवर कान लावतात. तिथे जगभरातल्या १८ बीकनांना (खुणेचा संकेत पाठवणाऱ्या स्टेशनांना) दर तीन मिनिटांत दहा-दहा सेकंदांची पाळी ठरवून दिलेली आहे. त्यात श्रीलंकेचे ४एस७बी आपल्याला सर्वांत जवळचे. एवढ्यासाठी संच एसएसबीचा हवा आणि २८.२०० पर्यंत खाली उतरणारा हवा, १.५ ने सरकवलेल्या संचाला ते जमत नाही, शेजारी वेगळा रिसीव्हर ठेवावा लागतो. अडचण एवढीच की ई थराचे हे दिवस आणि वळवाचे दिवस एकच. पश्चिमेला गडगडायला लागले की पट्टा कितीही उघडा असो, एरियलची पिन काढून खिडकीबाहेर टाकावी लागते.